आली का?

सोमवार, १४ जून २००४

आज पहिली सुई टोचली. स्वतःलाच, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मऊ जागेत. गोपाळकृष्ण सर समोर उभे होते. म्हणाले, "जे स्वतःला सोसत नाही ते पेशंटला द्यायचं नाही." सुई आत गेली तेव्हा काहीच वाटलं नाही. मग सरांनी ती दोन बोटांत धरून फिरवली आणि कोपरापर्यंत काहीतरी जड, गुणगुणणारं पसरत गेलं.

"आली का?" सरांनी विचारलं.

"आली."

झिणझिणी. ती आली म्हणजे सुई योग्य जागी पोचली. नाही आली तर सुई आणखी थोडी आत घालायची, आणखी फिरवायची. येईपर्यंत. सगळा ॲक्युपंक्चरचा अभ्यास या एका प्रश्नावर उभा आहे असं सर म्हणतात.

सर पूर्वी बँकेत होते. स्वेच्छानिवृत्ती घेतली, एका उन्हाळ्यात श्रीलंकेला जाऊन कोर्स केला आणि कर्वे रोडवर हे क्लिनिक काढलं. लोक त्या पैशात फ्लॅट घेतात, सरांनी सुया घेतल्या. मला अशा माणसाच्या हाताखाली काम करायचं होतं.

घरी मात्र कोणाला पटलेलं नाही. बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा बाबांनी येरवड्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. घरातली पहिली पदवीधर. आता लोक विचारतात, पोरगी काय करते, तर बाबा म्हणतात, "दवाखान्यात आहे," आणि विषय बदलतात. प्रज्ञेश बारावीवर हिंजवडीच्या कॉल सेंटरला लागला, त्याला न्यायला कंपनीची बस येते. तो म्हणतो, "तायडे, सुयाच टोचायच्या होत्या तर खालच्या टेलरकडे लागायचं. चिंध्या तरी मिळाल्या असत्या."

हसू देत. एका तरी माणसाचं आयुष्य माझ्या हातून बदललं, असं मला या वहीत लिहायचं आहे.

गुरुवार, २४ जून

सरांनी मार्केट यार्डाजवळचं मुलींचं एक वसतिगृह उपचारांसाठी दत्तक घेतलंय. फुकट. आणि ते माझ्यावर सोपवलंय! दोन दिवस तिथे जाऊन आले.

रेक्टर दुर्गाबाई दारातच उभ्या होत्या. "सुयावाल्या ना तुम्ही? या. चहा घेणार, की आधी टोचणार?"

अंथरूण ओलं करणाऱ्या मुली तशा दोन-चार आहेत, पण रोज, न चुकता, एकच. सृष्टी. आठ वर्षांची, तिसरीत. वर्गात पहिली. इथला नियम असा की, जिची गादी ओली, तिनेच ती डोक्यावर घेऊन गच्चीवर वाळत घालायची. गच्चीचा जिना चौकातून जातो आणि त्याच वेळी बाकीच्या मुली चौकात प्रार्थनेला उभ्या असतात. मी पाहिलं. गादीखाली फक्त दोन बारीक पाय चालत होते. प्रार्थना म्हणता म्हणता मुली नाक दाबत होत्या.

मी दुर्गाबाईंना म्हटलं, हे क्रूर आहे.

"लाज वाटली की आपोआप बंद होतं," त्या म्हणाल्या.

"दोन वर्षं झाली, झालं का बंद?"

"नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघते. मग तिची जागा दुसरीला. बाहेर वाट बघणाऱ्या कोरड्या मुली पुष्कळ आहेत."

रात्री दिवे मालवण्याआधी दुर्गाबाई रांगेपुढून विचारत जातात, "आली का? आली का?" एखादी "आली" म्हणाली तर, "आत्ता तर जाऊन आलीस! नळ गळका आहे का तुझा?" की सगळ्या फिदीफिदी हसतात. सृष्टीची पाळी आली तेव्हा तिने प्रश्न पुरा होऊच दिला नाही. "नाही आली, बाई."

म्हणजे तिला कळतच नाही. मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं, आज डोळ्यांनी पाहिलं. लाज हा त्यावर उपचार नव्हे.

शनिवार, ३ जुलै

पालकांची परवानगी हवी म्हणून सृष्टीच्या वडिलांना भेटायला मार्केट यार्डात गेले. कचरू. मेहकरकडचे. कांदा-बटाटा विभागात हमाली करतात आणि रात्री त्याच गाळ्याच्या फळीवर आणखी चौघांबरोबर झोपतात. बायको सृष्टीच्या लहानपणीच गेली. पोरीला ठेवायला दुसरी जागा नाही. वसतिगृह सुटलं तर गावी आत्याकडे. आत्याला चार लहान मुलं आहेत.

"तिथं गेली म्हंजे शाळा संपली, मॅडम," ते म्हणाले. पाठीवरचं पोतं अजून उतरवलेलं नव्हतं. "लेकरं सांभाळायले ठिवतीन तिले. पोरगी हुशार हाय. मले सही येत नव्हती, तिनं शिकवली."

मी म्हटलं, "काका, ती ग्रॅज्युएट होईल. मी झाले तशी."

त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला. मी मागे सरले, पण खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

मंगळवार, ६ जुलै

सृष्टीची पहिली बैठक. सुया घोट्याच्या आतल्या बाजूला, बेंबीखाली आणि करंगळीच्या पेरावर.

आदल्या दिवशी मी सरांना विचारलं होतं की, झिणझिणी म्हणजे काय हे तिला आधी नीट समजावून सांगू का. सर म्हणाले, "आपण शाळेतल्या बाई आहात का? मुलांच्या तोंडात शब्द घालायचा नाही. जे वाटायला हवं ते आधीच सांगितलंत तर आपल्याला खूश करायला खोटंच सांगतील. फक्त विचारायचं, आली का? एवढंच. पुढचं शरीर सांगतं."

मला हे फार पटलं. शास्त्र याला म्हणतात.

सृष्टी टेबलावर चढण्याआधी स्वतःहून बाथरूमला जाऊन आली. शहाणी आहे. सुई पाहून ओठ आत घेतले, पण रडली नाही. घोट्याची सुई मी घातली, फिरवली, विचारलं, "आली का?"

"नाही आली."

आणखी थोडी आत. "आता? आली का?"

"नाही आली, ताई." डोळ्यांत पाणी, आणि तरी मान अगदी ठाम हलवत होती.

"अजून," सर मागून म्हणाले.

मी फिरवत राहिले. माझा हात थरथरला नाही याचा मला अभिमान वाटतो. शेवटी सरच म्हणाले, "पुरे. मार्ग पार बुजलेला आहे. पहिल्यांदा असंच होतं."

रिक्षात ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

शुक्रवार, २३ जुलै

पाचही बैठकांत "नाही आली". मोठी माणसं पहिल्या फिरवण्यातच ओरडतात, "आली, आली, पुरे!" ही एवढीशी पोर. सर म्हणतात असा बुजलेला मार्ग त्यांनी पाहिला नाही. जाड सुई वापरायचं ठरलंय.

आज तिने मला विचारलं, "ताई, आली म्हटलं तर बाई रागावतील का?"

मी म्हटलं, "कोणी रागावणार नाही. पण खोटं नाही बोलायचं. खरंच आली तरच आली म्हणायचं."

"मी खोटं नाही बोलत."

"मला माहीत आहे."

रविवार, ८ ऑगस्ट

सृष्टीला आज घरी आणलं होतं. वसतिगृहाबाहेरचं जग दिसावं म्हणून. आईने तिच्यासाठी पुऱ्या तळल्या. प्रज्ञेश रात्रपाळी करून अंथरुणात पडला होता, तो उठून तिला इंग्रजी आवाज काढून दाखवत होता, "हॅलो, धिस इज पीटर." ती इतकी हसली की मला वाटलं, हिला हसताना आपण आजच पाहतोय.

आईने विचारलं, पोरीला झालंय काय. मी सांगितलं.

"त्याला एवढ्या सुया कशाला?" आई म्हणाली. "हा घोडा सात वर्षांचा होईस्तोवर मुतायचा. एकदा पळी तापवून मांडीला लावली. त्या दिवसापासून कोरडा."

"मला अजून डाग आहे," प्रज्ञेश म्हणाला. "मॅनेजरला दाखवतो, म्हणतो बाइकवरून पडलो."

मी खूप चिडले. आईला म्हटलं, ती शिक्षा होती, हा उपचार आहे. भीतीने थांबणं आणि बरं होणं यात फरक आहे.

"पोराला काय फरक कळतो?" आई म्हणाली आणि पुरी उलटली. आईशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

नंतर एक गोष्ट झाली, ती लिहून ठेवते. सृष्टी ओट्यापाशी गुडघ्याला गुडघा घासत उभी होती. आईने सहज विचारलं, "काय गं, आली का?" तर पोर झटकन खाली फरशीवर बसली, एक पाय लांब केला, घोट्याची आतली बाजू वर केली, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, "नाही आली." आणि तिथेच फ्रॉक ओला झाला.

आई पुसता पुसता म्हणाली, "तिला आली होती. तोंडावर दिसत होतं. मग नाही का म्हणाली?"

"तिला कळत नाही आई, तोच तर आजार आहे. निरोप पोचत नाही."

पाय का पुढे केला ते मात्र समजलं नाही. सवय असेल.

गुरुवार, १२ ऑगस्ट

घोट्याभोवती काळंनिळं झालंय. बूट घातले की ती चवड्यावर चालते. माझी झोप उडाली आहे. आज धीर करून सरांना म्हटलं, थोडे दिवस थांबू या का?

सर चष्म्यावरून बघत राहिले. "आपण बी.एस्सी. ना? कशात?"

"प्राणिशास्त्र."

"बेडकाला कधी विचारलं होतंत का, थांबू का म्हणून?" मग आवाज मऊ केला. "चैताली, दया सगळ्यांनाच येते. ती करून घरी बसायला पदवी लागत नाही. दिवाळीनंतर ही मुलगी गावी गेली तर तिचा घोटा अगदी छान राहील. धुणीभांडी करायला बरा."

सर बोलतात कडू, पण चूक नसतं. कचरूकाकांचं ते वाकणं आठवलं. आज रडून घेतलं. उद्यापासून नाही.

शुक्रवार, २७ ऑगस्ट

कोरडी!

दुर्गाबाईंचा फोन आला. आधी वाटलं, चुकून. पण आठवडाभर रोज कोरडी. काल "आली का?"ला नेहमीसारखंच "नाही आली" म्हणाली, तरी गादी कोरडी! सर म्हणाले, "शरीर ऐकतं. तोंड उशिरा कबूल करतं."

बाबांनी विचारलं, "म्हणजे तुझ्या हातानं झालं?" मी हो म्हटलं. त्यांनी मला पंधरा वर्षं जुनं, कोणालाही हात लावू न दिलेलं आपलं पेन दिलं. या ओळी त्यानेच लिहितेय.

मंगळवार, १४ सप्टेंबर

सृष्टी शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. ऊन होतं. मी भेटायला गेले. ओठ फाटलेत, जीभ पांढरी. म्हणाली, शू करताना जळतं.

दुर्गाबाईंना विचारलं, पाणी पिते ना? "दुपारनंतर थेंबही नाही," त्या कौतुकाने म्हणाल्या. "जेवताना भात कोरडा खाते, आमटी घेत नाही. शहाणी झाली हो तुमच्या सुयांनी."

सरांना सांगितलं. "पाणी बंद करा असं आपण सांगितलं का?"

"नाही."

"मग?"

खरंच, आपण नाही सांगितलं. मी सृष्टीला नारळपाणी नेऊन दिलं. तिने दोन्ही हातांत शहाळं धरलं, बराच वेळ आत बघत बसली, आणि माझं लक्ष नाही असं समजून मोरीत ओतलं. मुलांच्या आवडीनिवडी.

गुरुवार, ३० सप्टेंबर

हिंजवडीतल्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीला सामाजिक कामाला मदत द्यायची आहे. त्यांच्या सभागृहात सर भाषण करणार आणि प्रात्यक्षिकाला सृष्टी! मदत मिळाली तर मुलांसाठी वेगळा विभाग निघेल, आणि तो मी बघायचा. वसतिगृहाचे विश्वस्तही येणार आहेत. दुर्गाबाई म्हणाल्या, विश्वस्तांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की सृष्टीची जागा दहावीपर्यंत पक्की. त्यांनी तसा शब्द घेतलाय.

कचरूकाकांना मार्केट यार्डात जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मी येऊ का?" मग आपल्या सदऱ्याकडे बघून स्वतःच म्हणाले, "नको. तुमी हाय ना."

शनिवार, ९ ऑक्टोबर

क्रमाने लिहिते, म्हणजे नीट होईल.

कंपनीची बस आली होती. सृष्टीने नवा पांढरा फ्रॉक घातला होता. खिडकीतून काचेच्या इमारती आणि त्यांच्या मध्ये चरणाऱ्या म्हशी बघून म्हणाली, "ताई, इथे म्हशींना पण नोकरी आहे?" आम्ही खूप हसलो. मला तो प्रवास फार आवडला.

सभागृहात गारठा होता. कंपनीतल्या एका बाईंनी तिला संत्र्याचं सरबत दिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पी गं, आजचा दिवस." तिने ते एका दमात संपवलं. अशी तहान मी कोणाची पाहिली नव्हती. बाईंनी दुसरं दिलं, तेही. मग तिसरं. आम्ही दोघी तिच्याकडे कौतुकाने बघत होतो.

सरांचं भाषण लांबलं. नंतर तिला मंचावरच्या टेबलावर झोपवलं, वर कॅमेरा, मागे पडद्यावर तिचा घोटा भिंतीएवढा. आज ती बाथरूमला जायची राहिली होती, घाईत माझ्याही लक्षात आलं नाही. मी सुया घातल्या. माइक तिच्या तोंडापाशी धरला.

"आली का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. ओठ हलले. आणि पहिल्यांदा, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, ती म्हणाली, "आली."

सभागृहात टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर म्हणाले, "पाहिलंत? मार्ग उघडला. आता सुया अशाच ठेवायच्या. रुग्णाने हलायचं नाही."

"ताई, आली," ती पुन्हा म्हणाली. मी तिचा हात धरला. ती उठायला बघत होती, मी हळूच खांदा दाबला, पोटातली सुई वाकली असती. "ताई, आली ना. खरंच आली. खोटं नाही."

मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "हो बाळा. येऊ दे. घाबरू नकोस. येऊ दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं कसं होतं मला लिहिता येत नाही. मग तिने डोळे मिटले.

आधी चादर. मग टेबलाच्या कडेवरून मंचावर धार. माइक चालू होता, आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू गेला. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं, मग बरेच जण. कॅमेरावाल्याने काय करावं न कळून कॅमेरा तसाच ठेवला.

सर एक क्षणही अडखळले नाहीत. "मित्रहो, हसू नका. बंद पडलेला निरोप आत्ता, आपल्यासमोर, पोचला. याहून मोठा पुरावा मला देता आला नसता." हसू थांबलं आणि पुन्हा टाळ्या. उभं राहून.

मदत मंजूर झाली.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

विश्वस्त पहिल्या रांगेत होते. वसतिगृहाचं नाव पडद्यावर होतं. दुर्गाबाई म्हणाल्या, "मी काय करू? दिलेला शब्द माझ्याच तोंडावर मारला त्यांनी, मुलीला काढा म्हणाले. आणि त्या रात्रीपासून गादी परत रोज ओली. दिवसासुद्धा."

मी सांगितलं की हा उलट फेर तात्पुरता असतो, मार्ग उघडल्यावर होतो, सरांनी समजावलंय. आणखी एक महिना द्या.

"महिना तुम्ही घ्या," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुम्हाला विभाग मिळाला ना? अभिनंदन."

सरांना म्हटलं, आपण विश्वस्तांशी बोलावं. सर म्हणाले, "ज्याला निकाल कळत नाही त्याच्याशी काय बोलायचं?" संध्याकाळी मी एकटीच एका विश्वस्तांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नीने दारातच सांगितलं की आपण जेवायच्या वेळी आलात.

रविवार, १७ ऑक्टोबर

सुट्टीची वाटही पाहिली नाही त्यांनी. आज कचरूकाका तिला न्यायला आले. मी स्टँडवर सोबत गेले. ते माझ्याशी आधीसारखेच आदराने बोलले, ते मला जास्त लागलं. "तुमी लय केलं, मॅडम. तिच्याच नशिबात नाही."

सृष्टीच्या खाली एका जुन्या लुगड्याची चौघडी घालून दिली होती, गाडीतल्या सीटवर. तिच्या हातात तिसरीची पुस्तकं होती, ती मी विकत घेऊन दिली. ती खिडकीतून म्हणाली, "ताई, मी खोटं नव्हते बोलले. त्या दिवशी खरंच आली होती."

"मला माहीत आहे, राणी. सगळ्यांनी ऐकलं."

"मग मला जाऊ का नाही दिलंत?"

"कुठे?" मी विचारलं.

कंडक्टरने घंटी मारली.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. कुठे जायचं होतं तिला? टेबलावरून? घरी? सरांना विचारलं, ते म्हणाले, "पेशंट गेला की त्याचं बोलणंही जाऊ द्यावं." पण एक गोष्ट नक्की. झिणझिणी आली होती, हे तिने जाताना स्वतःच्या तोंडाने सांगितलं. म्हणजे सुई योग्य जागी होती. माझा हात बरोबर होता. जे झालं ते उपचारामुळे नाही झालं. हे मला कळायला हवं होतं, नाहीतर मी हे काम पुढे करू शकले नसते.

सोमवार, २९ नोव्हेंबर

बऱ्याच दिवसांनी वही उघडली. नव्या विभागाचं काम संपत नाही. दारावर माझ्या नावाची पाटी आहे, बाबा येऊन हात फिरवून गेले.

आज वसतिगृहात गेले होते. सुट्टीनंतर पहिल्यांदाच. सृष्टीच्या गादीवर आता दुसरी मुलगी झोपते. मला पाहून दुर्गाबाईंनी खुर्ची पुढे केली, हे पूर्वी कधी झालं नव्हतं. म्हणाल्या, "तुमच्या त्या कार्यक्रमाची गोष्ट पोरींना कळली, आणि काय सांगू, अख्ख्या वसतिगृहात एक गादी ओली होत नाही. त्या बाकीच्या दोन-चार होत्या ना, त्याही बंद. एकही सुई न टोचता!"

सरांना हे सांगितलं तर किती हसतील.

निघताना मुली जेवायला रांगेत बसल्या होत्या. पाण्याचं पिंप भरलेलं, पेले पालथे. मी आत डोकावून विचारलं, "काय गं, ओळखलंत का मला?" सगळ्यांनी एकदम पाय फ्रॉकखाली ओढून घेतले. लाजतात. उद्यापासून आठवड्यातून दोनदा जाणार आहे, म्हणजे सवय होईल.